दोघींपेक्षा जास्त उभं राहायचं नाही

आमच्यात पुढारी कोणी नव्हती. हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, की खरं सांग, डोकं कोणाचं होतं. सुपरवायझरने विचारलं, त्याच्या वरच्या साहेबांनी विचारलं, माझ्या नवऱ्याने जेवताना विचारलं. तिघांनाही मी एकच उत्तर दिलं आणि ते खरं होतं. युक्ती मला सुचली हे मात्र सांगितलं नाही. युक्ती सुचणं वेगळं आणि पुढारी असणं वेगळं. तो फरक त्यांना कळला नसता, म्हणून इथे लिहिते.

मी काळेवाडीत राहते आणि चाकणच्या बाजूला एका कंपनीत हार्नेसचं काम करते. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातल्या वायरींची जुडी. समोर तिरका बोर्ड असतो, त्यावर खुंट्या. खुंट्यांमधून वायरी ओढायच्या, टोकांना प्लॅस्टिकचे कनेक्टर बसवायचे आणि मग सगळ्या जुडीला टेप गुंडाळायची. हातमोजे मिळतात, पण मोजे घातले की बारीक पिना बसत नाहीत. म्हणून आम्ही सगळ्याच जणी पहिल्या बोटाला टेपचे दोन वेढे मारतो. वायरीचं टोक टोचत नाही. हाताशी असेल त्या रंगाची टेप. पुढचं सगळं त्या बोटावर झालं.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. वर्गातही निघायचा नाही आणि लग्नानंतर सासरीही निघाला नाही. एका माणसाशी मात्र मला बोलता येतं. समोर एकच जण असेल, जवळ असेल, तर मी पुष्कळ बोलते. लोक म्हणतात मुकी आहे, आणि माझ्या बोर्डाशेजारची बाई म्हणते, "हिला कोण मुकी म्हनतंय, हिनं माझं डोकं खाल्लं सकाळधरनं." ही शेजारीण लातूरकडची. दोघींचे बोर्ड लागून आहेत, त्यामुळे आम्हाला मान न वळवता बोलायची सवय झाली आहे.

हे काम आम्ही स्टुलावर बसून करतो. लोखंडी स्टूल, वर रेक्झिनची गादी. माझी गादी फाटली तेव्हा मी घरून जुन्या जीनच्या कापडाची खोळ शिवून आणली. माझ्या डाव्या पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत, पोटरीवर दोऱ्या गुंडाळल्यासारख्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काय वाटेल ते करा, दिवसभर उभ्याचं काम करू नका." म्हणून ते स्टूल म्हणजे माझी नोकरी होती. स्टूल गेलं की मी गेले, इतका साधा हिशोब.

मागच्या हिवाळ्यात सुपरवायझरने सांगितलं की दोन आठवड्यांनी, सोमवारपासून, स्टुलं काढणार. उभं राहून हात भरभर चालतो म्हणे. पण त्यासाठी प्रत्येकीची सही लागणार होती, की आमची याला हरकत नाही. तो एकेकीला केबिनमध्ये बोलवायला लागला.

माझी पाळी आली तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता आणि मी उभी.

"ताई, सगळ्यांनी सह्या दिल्या. तुझीच राहिली."

मी कागदाकडे बघितलं. सहीपुरता तो कोरा होता, बाकी छापलेला.

"बाकीच्यांचे कागद?" हे मी विचारलं असं मला वाटतं. कदाचित मनातच विचारलं असेल.

"तुझ्या एकटीसाठी लाइन थांबवू का मी? लवकर बोल."

"उद्या सांगते सर."

बाहेर आले, बोर्डावर बसले. शेजारणीने वायर ओढता ओढता विचारलं, "काय म्हनला?"

"म्हणाला सगळ्यांनी दिल्या, मीच राहिले."

तिचा हात थांबला. "मला बी हेच म्हनला की. काल. तूच राहिली म्हनून."

"मग तू?"

"मी म्हनलं घरी मालकाला इचारते. मालकाला कशाचं इचारते मी. तिथनं सुटायला म्हनलं."

पाण्याच्या टाकीपाशी मी आणखी एकीला विचारलं. तिलाही तेच सांगितलं होतं. दुपारी हात धुताना अजून एकीला. तिलाही. म्हणजे आम्ही साठ-पासष्ट बायका आणि प्रत्येकीच एकटी राहिलेली. मला त्या दिवशी जो राग आला तो स्टुलाचा नव्हता. त्याने माझ्याच मैत्रिणींच्या तोंडची उत्तरं परस्पर मला सांगितली होती, त्याचा होता.

आता कोणी म्हणेल, मग सगळ्यांनी एकत्र जमून ठरवायचं. जमायलाच बंदी होती. दिवाळीच्या आधी आम्हाला नेणाऱ्या-आणणाऱ्या व्हॅनच्या वेळेवरून पाच जणी मिळून ऑफिसात गेल्या होत्या. त्यानंतर भिंतीवर कागद लागला, की दोघींपेक्षा जास्त बायका एका जागी उभ्या दिसल्या तर नावं लिहून घेतली जातील. वर कॅमेरे. फोन गेटवर जमा. व्हॅनचा ड्रायव्हर सुपरवायझरच्या गावचा, त्याचा आरसा रस्त्यापेक्षा आमच्याकडे जास्त. एकीने घरी जाऊन मोबाईलवर ग्रुप काढला, तर त्यातलं बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरने तिला तिच्याच शब्दांत वाचून दाखवलं. म्हणजे ग्रुपमध्ये त्याचं कोणीतरी होतं. तेव्हापासून चार जणींसमोर खरं बोलायला सगळ्याच घाबरत होत्या.

दोघी असल्या तर चालत होतं. टाकीपाशी दोघी, हात धुवायला दोघी, बाथरूमला दोघी. ते त्याने स्वतःच लिहून दिलं होतं. मी तो कागद रोज वाचायचे. इतरांना त्यात बंदी दिसायची. मला वाटायचं, हे तर मला जमतं.

शिफ्ट संपताना माझ्याकडे एक जास्तीचं काम असतं. डब्यात बाद कनेक्टर पडलेले असतात, मेल आणि फिमेल मिसळून. दोन्हींपैकी कुठले जास्त बाद झाले ते रोज सांगायचं. बाकीच्या बायका मोजतात. मी मोजत नाही, कारण मध्येच कोणी हाक मारली की माझा आकडा हरवतो. मी एकात एक बसवत जाते. मेल फिमेलमध्ये गेला की टक् वाजतं, ती जोडी बाजूला टाकायची. शेवटी जे सुटे उरतात तेच जास्त. आकडा लागतच नाही. त्या संध्याकाळी डब्यावर वाकून मी हेच करत होते आणि माझा हात मध्येच थांबला.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं. ज्यांना स्टुलं सोडायची नाहीत त्यांनी बोटाला पिवळी टेप लावायची. ज्यांना उभं राहायला हरकत नाही त्यांनी निळी. कोणी कोणाला का म्हणून विचारायचं नाही, समजवायचं नाही. पिवळी आणि निळी भेटली की दोघींनी आपापली टेप काढून टाकायची. जोडी जमली, दोघी बाद. मग त्या मोकळ्या बोटाने फिरायचं आणि रंगाची बाई भेटली की तिचा रंग लक्षात ठेवायचा. सगळ्यात शेवटी जो रंग दिसला, तोच सगळ्यांचा निर्णय. आपला पहिला रंग कोणताही असो.

"आनि दोन्ही सारख्याच असल्या तर?"

"तर सगळ्यांची बोटं मोकळी होतील. तेव्हा बघू."

"आनि एखादीनं खोटं केलं?"

"एखादीनं केलं तर एखादीपुरतं होईल."

तिने हातातली जुडी गुंडाळून संपवली. मग म्हणाली, "बसल्या जागी इलेक्शन लावलीस गं तू." आणि तिने स्वतःच्या बोटाला पिवळा वेढा मारला.

मी ती गोष्ट फक्त तिला आणि टाकीपाशी भेटलेल्या दोघींना सांगितली. पुढे ती कशी पसरली ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मला न ओळखणारी एक बाई बेसिनपाशी मलाच नियम समजावून सांगायला लागली, तोही माझ्यापेक्षा चांगला. मी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. कोण कोणाला भेटणार हे कोणी ठरवत नव्हतं, ते तहान ठरवायची. कोणाला कधी पाणी लागेल, कोणाचा हात कधी चिकट होईल, त्यावर सगळं चाललं होतं. सुपरवायझर लाइनवरून फिरायचा, आमच्या हातांकडे बघायचा आणि म्हणायचा, "हात चालवा, हात चालवा." हातच चालत होते.

आठवडा संपता संपता आमच्या हॉलमध्ये निळी दिसेनाशी झाली. पुष्कळ बोटं मोकळी होती, पण दिसायची ती पिवळीच. शेजारीण खूष होती. मीही होते. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा धुत होते आणि मागून झाडणाऱ्या मावशी आल्या.

या मावशी कंपनीच्या शेजारच्याच गावच्या. उंच, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. मी त्यांच्याशी तोपर्यंत एकच वाक्य बोलले होते, "मावशी, इथं सांडलंय." तेही पुष्कळदा.

"झाली का तुमची पिवळी-निळी?" त्या म्हणाल्या.

मी दचकले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोन सांगतंय. मी काय आंधळी हाय व्हय? रोज केर भरते, केरात टेपाच निघत्यात, जोडीजोडीनं." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "आन् तिकडच्या बायांना इचारलं का? का त्यांच्या बुडाखाली स्टूल न्हाई?"

तिकडच्या म्हणजे क्रिम्पिंगच्या. जाळीच्या पलीकडे क्रिम्पिंगचा विभाग आहे, तिथे मशीनवर वायरीच्या टोकाला पितळी पिना दाबतात. त्यांची शिफ्ट आमच्या तासभर आधी सुरू होते, व्हॅन वेगळी, टाकी वेगळी, जेवणाची वेळ वेगळी. जाळीतल्या खिडकीतून वायरींचे ट्रे सरकत यायचे आणि आम्ही ते ओढून घ्यायचो. ट्रे ढकलणारा हात दिसायचा. त्या हाताला बाई जोडलेली आहे हे आम्ही विसरलो होतो. आणि ज्या एकट्या दोन्हीकडे ये-जा करायच्या, त्या मावशींनाही विसरलो होतो. सगळ्यांचा निर्णय, सगळ्यांचा निर्णय म्हणत होतो, आणि आमचे सगळे जाळीपाशी संपत होते. सुपरवायझर सगळ्यांनी सह्या दिल्या म्हणाला होता, त्यापेक्षा हे किती वेगळं होतं?

मला लाज वाटली. लाज वाटली की माझं बोलणं बंद होतं, पण समोर एकच माणूस होतं.

"मावशी, तुम्ही तिकडे सांगाल का?"

"आता आली व्हय माझी आठवन."

"हो. आत्ताच आली."

त्या हसल्या. खरं बोललेलं त्यांना आवडलं असावं. मी त्यांना निळ्या आणि पिवळ्या टेपचं एकेक रीळ दिलं आणि नियम सांगितले. पण एक अडचण होती. तिकडची रंगाची बाई आणि इकडची रंगाची बाई समोरासमोर येणारच नव्हत्या, मग जोडी जमणार कशी? म्हणून एक नियम वाढवला. रंगाच्या बाईला मोकळ्या बोटाची बाई भेटली तर टेप तिला देऊन टाकायची. आपण मोकळं व्हायचं, आपला रंग लक्षात ठेवायचा, आणि तिने तो पुढे न्यायचा. तिला तो पटो किंवा न पटो. आमच्या बाजूला मी हा नियम टाकीपाशी दोघींना सांगितला, तोही तसाच पसरला.

"तुमचा रंग कोणता, मावशी?"

"मला स्टूल हाय व्हय? माझं बोट मोकळंच राहू दे. मोकळ्या हातानं वाहता येतं."

सोमवारी त्या जाळीपलीकडे गेल्या. दुपारी आमच्या बाजूला झाडायला आल्या तेव्हा त्यांच्या बोटावर निळी होती. मंगळवारी दोनदा निळी. त्या झाडत झाडत यायच्या, कोणाच्या तरी बोटावर निळी बांधायच्या आणि जायच्या. आमच्या पिवळ्या एकेक करून गळायला लागल्या.

बुधवारी ती निळी माझ्याकडे आली. मी बाथरूमच्या पॅसेजमध्ये होते, माझं बोट आदल्या दिवशीच मोकळं झालं होतं.

"घे. तिकडची हाय," मावशी म्हणाल्या.

"तिकडे सगळ्या निळ्याच आहेत का?"

"लई हायत. त्यांचं मशीन उंच आन् स्टूल बुटकं. बसून पाठ मोडती म्हनत्यात. उभं ऱ्हायलं तर बरं वाटतंय."

तोपर्यंत मला वाटत होतं की निळ्या म्हणजे साहेबाला घाबरणाऱ्या, नाहीतर त्याच्या पुढे-पुढे करणाऱ्या. पाठ दुखते म्हणून निळी, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझे पाय दुखतात म्हणून मी पिवळी होते, तसंच ते.

मावशी गेल्या आणि मी एकटी राहिले. बेसिनखाली कचऱ्याचा डबा होता. बोटावर माझी नोकरी घालवणारा रंग होता. नखाने उचलली असती, डब्यात टाकली असती, एक निळी कमी. कोणाला कळलं नसतं. आधी मीच म्हणाले होते, एखादीनं खोटं केलं तर एखादीपुरतं होईल. ती एखादी आता मी होते. मी डब्याकडे किती वेळ बघत होते ते सांगता येत नाही. दुसरीचं उत्तर आपल्याला नको आहे म्हणून ते गिळून टाकायचं, हे काम आमच्याकडे एक माणूस आधीच करत होता. त्याला त्याचा पगार मिळत होता. मी ते फुकट कशाला करू? मी बोट तसंच ठेवलं आणि लाइनवर गेले.

शेजारणीचं बोट पिवळं होतं. नवी पिवळी, मी नव्हते तेवढ्यात तिच्याकडे आलेली. तिने माझा हात बघितला.

"निळी? तू?"

"माझी नाही. तिकडची आहे."

"मग टाकून द्यायची हुती की."

"काढ तुझी."

"तुझे पाय गं. तू काय करशील उद्या?"

"काढ म्हणते ना."

तिने पिवळी काढली, मी निळी काढली. दोन्ही एकमेकींना चिकटवून तिने इतक्या जोरात बोर्डाखाली फेकल्या की पलीकडची बघायला लागली. त्या संध्याकाळी घरी मुलीला मी सांगून ठेवलं की कदाचित पुढच्या आठवड्यापासून मी घरी असेन. ती म्हणाली, "तुला काढलं का?" मी म्हणाले, "अजून ठरतंय." कोण ठरवतंय, तिने विचारलं. आम्हीच, मी म्हणाले. हे बोलताना मला बरं वाटलं. नोकरी गेली असती तरी ती त्याच्या कोऱ्या कागदाने गेली नसती.

गुरुवारी मला दोनदा निळी दिसली. शुक्रवारी सकाळी काहीच दिसलं नाही, भेटली ती प्रत्येक बाई मोकळ्या बोटाची. दुपारी ट्रेच्या खिडकीतून एक हात आला. माझ्याकडे ट्रे सरकवताना तो हात जरा थांबला. बोट पिवळं होतं. तिकडे, क्रिम्पिंगमध्ये, पिवळी. मावशींनी नेऊन पोचवलेली. मी ट्रे ओढला आणि पिवळी लक्षात ठेवली.

शनिवारी पिवळी मला आणखी एकदा दिसली. तीच होती की दुसरी, मला माहीत नाही. कदाचित आख्ख्या कंपनीत एकच पिवळी उरली असेल आणि तीच या बोटावरून त्या बोटावर फिरत असेल. आणि कुठेतरी एखादी निळी अजून दबून असेल तर? आता संपलं, असं सांगणारं कोणी नव्हतं. तशी घंटा या खेळात वाजतच नाही. प्रत्येकीला फक्त तिने शेवटी बघितलेला रंग ठाऊक होता, आणि सोमवार आला.

सोमवारी सकाळी आम्ही लाइनवर गेलो तेव्हा स्टुलं जागेवर होती. मी माझ्या खोळीच्या गादीवर बसले. शेजारीण बसली. सगळ्या बसल्या, ते रोजचंच होतं. मग सुपरवायझर दोन माणसं आणि एक ढकलगाडी घेऊन आला.

"चला, उठा. स्टुलं द्या."

मी समोरच्या खुंटीकडे बघत वायर ओढत राहिले. कोणी उठल्याचा आवाज येतोय का, तेवढंच ऐकत होते. लोखंडी स्टूल फरशीवर सरकलं की कर्र वाजतं. ते वाजलं नाही. एकदाही वाजलं नाही. टेप ओढल्याचा आवाज तेवढा येत होता, साठ जणींच्या हातांचा, आणि मशीनचा ठोका. जाळीपलीकडे क्रिम्पिंगच्या बायका बुटक्या स्टुलांवर, पाठ वाकवून, बसलेल्या होत्या. ज्यांना उभं राहायचं होतं त्या.

"ऐकू येत नाही का?" तो पहिल्या बोर्डापाशी गेला. मग दुसऱ्या. काम चालू असल्यामुळे त्याला कोणाला बोलताही येईना. गाडीवाले दोघे मधल्या वाटेने पुढे यायला लागले, आणि तेवढ्यात मावशींनी आपली बादली वाटेच्या मधोमध पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या.

"मावशी, तुम्ही कशाला? तुम्हाला स्टूल कुठाय?"

"न्हाईच की. म्हनून तर बादलीवर बसले."

"उठा, गाडी जाऊ द्या."

"बाबा, कंपनीच्या आधी हितं आमची हरभऱ्याची पट्टी हुती. बांधावर बसून मी भाकरी खायचे. तवा बी कुनी उठवलं न्हाई."

कोणीतरी हसलं. मग तो माझ्यापाशी आला. मीच सगळ्यात घाबरट दिसते, म्हणून आला असणार.

"तू सांग. लीडर कोण आहे?"

"कोणी नाही सर."

"तुला बसून राहायला कोणी सांगितलं?"

मी शेजारणीकडे बोट दाखवलं. "हिनं."

"आणि तुला?"

"हिनं," शेजारीण माझ्याकडे बघत म्हणाली. "आनि मावशीनं."

"मावशी, तुम्हाला?"

"समद्यांनी," मावशी म्हणाल्या. "येकयेक करून."

त्याने खिशातून वही काढली. नाव लिहायला पेन उघडलं आणि तसाच उभा राहिला. दोघींपेक्षा जास्त जणी उभ्या दिसल्या तर नावं लिहायची होती. उभे होते ते फक्त तो आणि त्याचे दोन गाडीवाले. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते पुष्कळ जणींना ऐकू गेलं म्हणे. इतक्या माणसांत मी पहिल्यांदा बोलले.

"सर, ते सह्यांचे कागद आणा ना. आमच्यासमोर वाचा."

त्याने आणले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तीन दिवस रोज गाडी आली आणि रोज रिकामी गेली. चौथ्या दिवशी वरचे साहेब आले, त्यांनी पुन्हा विचारलं लीडर कोण, पुन्हा तेच उत्तर मिळालं. मग ठरलं की असेंब्लीची, म्हणजे आमची, स्टुलं राहतील आणि क्रिम्पिंगमध्ये जिला बसायचं तिने बसावं, जिला उभं राहायचं तिने उभं राहावं. तसं सुरुवातीलाच विचारलं असतं तरी चाललं असतं. पण विचारायचं म्हणजे उत्तर ऐकावं लागतं.

टेपचं त्याला महिनाभराने कळलं. कोणी सांगितलं ते आम्हाला माहीत नाही, आणि शोधलंही नाही. भिंतीवर नवा कागद लागला, की बोटाला रंगीत टेप लावू नये, फक्त काळी लावावी. शेजारणीने तो मला वाचून दाखवायला लावला आणि म्हणाली, "काळी तर काळी. बोटं धा हायत."

परवा मी टाकीपाशी पाणी पीत होते. क्रिम्पिंगमधली एक उंच बाई आली. आता त्यांची टाकी बंद पडली आहे, म्हणून त्या इकडे येतात. ट्रे ढकलणारा हात मी ओळखला. तिच्या अनामिकेला काळ्या टेपचे दोन वेढे होते. पहिल्या बोटाला टोचतं, अनामिकेला कोण कशाला टेप लावेल?

"ही कशाची?" मी विचारलं.

"मावशीला स्टूल पाहिजे, त्याची. नको असेल तर मधल्या बोटाला."

"कोणी काढलं हे?"

"काय माहीत. मला एकीनं सांगितलं."

मी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग खिशातून टेप काढली, दातांनी तोडली आणि अनामिकेला वेढा मारायला लागले. एका हाताने नीट बसेना. तिने टोक धरलं, आम्ही दोघींनी मिळून बांधली. कॅमेरा वर होता. दोघीच होतो.